कप्तानाने लावलेलं दार

टीव्हीवरच्या ‘नभोवाट’ मालिकेत कप्तानाने आग लागलेल्या दालनाचं दार बाहेरून लावून घेतलं. आतले तिघे गेले, यान वाचलं. त्याने केलं ते बरोबर की चूक, यावर गावच्या वाचनालयाने वादविवाद ठेवला होता.

“आतल्यांना एकदा विचारायला तरी हवं होतं,” एवढं हेमांगी तांडेल म्हणते न म्हणते तोच अध्यक्षांनी घंटा बडवली. अध्यक्ष म्हणजे माजी प्राचार्य खांबेटे. मग त्यांचा अध्यक्षीय समारोप सुरू झाला, तो काही केल्या संपेना.

“पुष्कळांचं भलं असेल तिथे एकट्यादुकट्याला विचारत बसायचं नसतं,” ते पुन्हा एकदा म्हणाले.

बाहेर शेवटच्या एसटीने हॉर्न दिला. खाडीपलीकडची माणसं खुर्च्यांत चुळबुळू लागली, पण अध्यक्ष बोलत असताना उठायचं कसं? हेमांगीलाही तीच गाडी गाठायची होती. शेवटी ती तडक पुढे गेली आणि तिने माईक बंद केला.

खांबेटे लालबुंद झाले. “मला न विचारता?”

“हो सर. तुम्ही एकटे, गाडी चुकणारे आम्ही पुष्कळ. विचारायला हवं होतं म्हणत असाल, तर लगेच सुरू करते. मग कप्तानाचं चुकलं, एवढं माईकवर सांगा.”

खांबेट्यांचा हात घंटेकडे गेला आणि तिथेच राहिला. सभागृह भराभर रिकामं झालं. सगळ्यांत शेवटी हेमांगी निघाली. तिने दार मात्र उघडंच ठेवलं. आत अजून एक माणूस होता.