कंपन्या तीन, उन्हाळा एक

सांगलीतल्या आइस्क्रीम कारखान्याचे मालक दादासाहेब निंबरगे यांनी कारखाना गहाण ठेवून सरबताची आणि पंख्यांची अशा दोन कंपन्या विकत घ्यायचं ठरवलं. सह्यांच्या दिवशी त्या दोन्ही कंपन्यांचे मालक आले होते; सगळ्या कामगारांसमोर दादासाहेब ऐटीत म्हणाले, "आता एक धंदा बसला तरी दुसरे दोन तारतील. आहे कुणाला शंका?"

शीतगृह सांभाळणाऱ्या कुमुदताई उठल्या. या कारखान्यावर साठ घरं जगत होती.

"पाहुण्यांना एकच विचारते. तुमचं सगळ्यात वाईट वर्ष कोणतं?"

"दोन वर्षांपूर्वीचं," सरबतवाले म्हणाले. "मे महिनाभर पाऊस होता. सरबत पिणार कोण?"

"आमचंही तेच," पंखेवाले पुटपुटले.

दादासाहेबांचं आइस्क्रीमही त्याच वर्षी पडून राहिलं होतं.

"दादासाहेब," कुमुदताई म्हणाल्या, "तुम्ही कंपन्या तीन कराल, पण उन्हाळा एकच राहील!"

दादासाहेबांनी क्षणभर कागदांकडे पाहिलं, पेनाला टोपण लावलं आणि ते मोठ्यानं हसले. साठ घरांचा जीव भांड्यात पडला.

"ताई," ते म्हणाले, "स्वेटर करणारी एखादी कंपनी आहे का हो तुमच्या ओळखीत?"