कापायचा राहून गेलेला आवाज

"मॅडम, हा आईचा आवाज कापून टाकू ना?"

डॉ. पद्मजा खानझोडे यांनी फाइलमधून मान वर केली. समोर वेदांग मोबाइल धरून उभा.

लहान मुलाचं हृदय कसं तपासावं, हे ज्युनियर पोरांना मोबाइलवर पाहता यावं म्हणून त्याने सकाळीच एका पोरीला तपासतानाचा व्हिडिओ केला होता. तिच्या आईला विचारून. सुरुवातीलाच ठसठशीत अक्षरं : 'शिकवणारे – डॉ. वेदांग ठवकर'. इंटर्नशिपचा दुसरा महिना, पण ऐट प्राध्यापकाची!

"कशाला कापायचा?"

"मध्येमध्ये बोलते ती. शिकणाऱ्याचं लक्ष उडतं."

"काय बोलते?"

वेदांगने ते नीट ऐकलंच नव्हतं.

तपासताना त्याच्या कानांत स्टेथोस्कोप होता.

"पोरीचं काय केलंस?"

"हृदयात थोडा जादा आवाज आहे. या वयात असतो. घरी जा म्हटलं. दुपारच्या एसटीने निघतील."

"लाव."

पडद्यावर वेदांग डोळे मिटून पोरीच्या छातीवर वाकला होता. मागून आईचा आवाज आला :

"डाक्टर, पोरगी धावली का उकिडवी बसते जी. ओठ निळे पडतेत."

थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर अगदी हळू, कुणी ऐकत नाही हे कळल्यासारखं...

हृदयात जन्मजात दोष असलेली मुलं दम लागला की अशी उकिडवी बसतात, यावर वेदांगने परीक्षेत दोन पानं लिहिली होती. चांगले मार्कही पडले होते.

तो धावत सुटला.

पोरीची आई, शेवंताबाई, लेकीला घेऊन फाटकापर्यंत पोचली होती. त्याने दोघींना परत आणलं, स्टेथोस्कोप खिशात कोंबला आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"ताई, परत सांगा. पहिल्यापासून."

ती अर्धा तास बोलली.

संध्याकाळी माय-लेकींना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात नेणारी अँब्युलन्स दारात लागली.

"वेळेत सापडलं. ऑपरेशन झालं की धावेल ही," मॅडम म्हणाल्या.

शेवंताबाई दिवसभरात पहिल्यांदा हसली.

गाडी दिसेनाशी झाली. वेदांगने खाली मान घालून मोबाइल काढला.

"मॅडम, व्हिडिओ पुसून टाकतो."

"पुसू नको. सगळ्यांना पाठव."

"असाच?..."

मॅडम वॉर्डाकडे वळल्या.

"शिकवणाऱ्याचं नाव तेवढं बदल."