मचव्याची उजवी बाजू

"मग आता यात कमी काय राहिलं, मास्तर?"

रेणुकाने पुन्हा विचारलं. सारंगमास्तर चष्मा पुसत राहिले. चष्मा मघाशीच स्वच्छ झाला होता.

देवगडला खाडीकाठी मास्तरांची एक लांबट पडवी होती. एका टेबलावर पटाशा, रंधे आणि चिमटे, दुसऱ्यावर कॉम्प्युटर. मास्तरांनी गोदीच्या ड्रॉइंग ऑफिसात उभी हयात जहाजांचे नकाशे काढले, आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर. आता ते जहाजांच्या छोट्या प्रतिकृती करायला शिकवत. हात श्रेष्ठ की यंत्र, असले वाद त्यांच्याकडे नव्हते. आळस मात्र त्यांना दोन्हीकडचा कळायचा.

रेणुका तारी त्यांची शिष्या. शिकलेली इंजिनिअर, हात हलका, नजर तयार. नम्रता तेवढी येता येता वाटेत कुठेतरी रेंगाळली होती.

तिने आपल्या बाबांच्या जुन्या होडीची, त्यांच्या मचव्याची, प्रतिकृती केली होती. हातभर लांब. फासळ्या कॉम्प्युटरवर आखून कापून आणलेल्या, त्यांवर सागाच्या बारीक पट्ट्या. एकेक पट्टी तिने वाफेवर वाकवून हाताने बसवली होती.

खरा मचवा आता नव्हता. लाकडासाठी तो फोडून नेला होता. बाबांचे डोळे त्याआधीच काचबिंदूने गेले. मचवा गेल्यापासून ते ओट्यावर बसून असत, हात मांडीवर टाकून. कुणी बोललं तर हो किंवा नाही, एवढंच.

त्या हातांत हा मचवा ठेवायचा, आणि आजच ठेवायचा, असं रेणुकाने ठरवलं होतं.

"बघा तरी नीट," ती म्हणाली.

मास्तरांनी एक पुठ्ठा घेतला. मचव्याच्या डाव्या पोटाला लावून त्याचा बाक आखला, कापला, नीट बसेपर्यंत घासला. मग तोच पुठ्ठा उलटा करून उजव्या पोटाला लावला आणि मचवा खिडकीसमोर धरला.

मधून उजेडाची रेघसुद्धा येईना.

रेणुकाचा चेहरा खुलला. "पाहिलंत? केसाचा फरक नाही."

"तेच तर," मास्तर म्हणाले.

"तेच तर काय?"

"उजवी बाजू कुणी मोजली?"

...

"फोडायच्या आधी मोजायला गेले, तेव्हा मचवा किनाऱ्यावर उजव्या कुशीवर कलला होता," रेणुका म्हणाली. "अर्धं पोट वाळूत. खाली शिरायला जागाच नव्हती."

"मग?"

"डावी मोजली. तीच उलटवून उजवीकडे बसवली. कॉम्प्युटरला ते एका बटणाचं काम."

"कॉम्प्युटर किनाऱ्यावर आला होता?"

"मास्तर, सगळं जग जहाज अर्धंच आखतं. तुम्हीसुद्धा जन्मभर अर्धंच आखलंत."

"आखलं. ती जहाजं व्हायची होती."

"म्हणजे?"

"तुझं होऊन गेलंय."

 पण ऐकून घेणं रेणुकाला फार वेळ जमत नसे.

"असून असून किती फरक असेल? या मापात नखाएवढा. बाबांना कळणारही नाही."

"मग बाजारातली होडी का नाही नेलीस? तीही त्यांना दिसली नसतीच."

हे लागलं. लागावं म्हणूनच म्हटलेलं होतं. रेणुकाने मचवा ओढून आपल्या पुढ्यात घेतला आणि हनुवटी वर केली. मास्तरांनी ती हनुवटी पाहिली न पाहिल्यासारखी केली.

"हा पाण्यात सोडला तर कसा जाईल?" त्यांनी विचारलं.

"सरळ. अगदी ओळंब्यासारखा."

"आणि बाबांचा कसा जायचा?"

रेणुकाचं बोट मचव्याच्या उजव्या अंगावर थांबलं.



"ओढायचा," ती हळू म्हणाली. "उजवीकडे ओढायचा. लहानपणी बाबा मला पुढ्यात बसवायचे. सुकाणावर माझा हात, त्यावर त्यांचा. म्हणायचे, 'दाबून धर गो बाय, हेका उजवेकडे ओढ आसा.'"

"का ओढायचा?"

"एकदा खडकाला घासला होता. तेव्हा होड्या बांधणाऱ्या मिस्त्रींनी उजवीकडच्या फळ्या बदलल्या. त्या जरा फुगीर बसल्या. बाबा चिडायचे आधी. मग म्हणायला लागले, असू दे, माणसाची तरी दोन्ही गालफडं कुठे सारखी असतात."

 तिला रडू येत होतं, आणि रडण्यापेक्षा स्वतःचा राग जास्त येत होता. हे सगळं तिला ठाऊक होतं. मोजपट्टी हातात आल्यावर तेवढंच विसरली होती.

"मिस्त्री आहेत?"

"वारले."

"फोटो?"

"सगळे डावीकडून. नाव डावीकडे रंगवलं होतं ना. नाव दिसलं पाहिजे म्हणून जो तो तिकडूनच काढायचा."

"मग उजवी बाजू आता कुठे आहे?"

...

बाहेर खाडीत कुणीतरी इंजिन चालू करायला धडपडत होतं. चालू होईना.

रेणुकाला उत्तर आलं होतं. आवडलं नव्हतं.

"बाबांच्या हातांनाच ठाऊक असणार. पण त्यांना विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागणार," ती म्हणाली. "मला त्यांच्या हातात तो पुरा ठेवायचा होता, मास्तर. काही न सांगता. त्यांनी चाचपावं आणि ओळखावं. एवढंच हवं होतं मला. किती दिवस झोपेतसुद्धा तेच बघतेय."

"हौस तुझी."

"हो. माझी."

"आणि मचवा?"

रेणुकाने मचवा उजेडाकडे फिरवला. सुंदर झाला होता तो. खोटं कशाला बोला, मास्तरांच्या पडवीत इतकं सुबक काम फार वेळा झालं नव्हतं. दुसऱ्या कुणी केला असता तर तिने जळून चार चुका काढल्या असत्या.

ती उठली.

"गरम पाणी आहे?"

मास्तरांनी स्टोव्हकडे बोट केलं.

तिने पाणी तापवलं, फडकं भिजवलं, पिळलं आणि मचव्याच्या उजव्या अंगावर दाबून धरलं. डिंक मऊ पडायला वेळ लागला. मग तिने पातळ पातीची सुरी पहिल्या पट्टीखाली सरकवली.

पट्टी निघाली. दुसरी निघाली. तिसरी मोडली, तेव्हा रेणुकाने डोळे मिटले आणि पुन्हा उघडले. सुरी थांबली नाही.

मास्तर मदतीला आले नाहीत. पुरे, असंही म्हणाले नाहीत. आपल्या खुर्चीत बसून राहिले आणि चहा गार होऊ दिला.

अखेर मचवा टेबलावर उभा राहिला. डावीकडून तो होता तसाच होता, तुकतुकीत. उजवीकडे नुसत्या फासळ्या.

रेणुकाने त्या फासळ्यांवरून बोट फिरवलं.

"याही चुकीच्याच आहेत. डाव्यांच्या जोडीदारणी. पण उपटत नाही. कुठे भर घालायची, कुठे तासायचं, ते बाबांनी चाचपून सांगितलं की यांच्यावरच करता येईल."

"येईल."

"कितीही वेळ लागू दे. सारं उन्हाळ्यापर्यंत चाललं तरी चालेल. पण करणार."

"कर."

"आणि आज नेणार म्हटलं होतं, तर आजच नेणार. असाच. असाच त्यांच्या हातात देणार."



तिने मचवा जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला. डोळे पुसले. चपला घातल्या. दाराशी पोचली, तेवढ्यात मास्तर उठले, खण उघडला आणि त्यातली लाकडी मुठीची एक लहान कानस काढून तिच्या पिशवीत टाकली. वापरून मूठ गुळगुळीत झाली होती.

"अहो, राहू दे मास्तर. माझ्याकडे आहे कानस."

"तुला कुठे देतोय?"