येसूआत्याचं कुर्रर्र

फार फार वर्षांपूर्वी, कोरडवाडीला पाणी नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. गावाची विहीर खोदायला दूर तेलंगणातून दगडफोडे आले. सात महिने त्यांनी कातळ फोडला, हाताची सालटी काढून घेतली आणि गावाला पाणी दाखवलं. आणि गावानं काय केलं? त्यांच्या पोरांच्या नावांवरून दात काढले. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही.

त्या पोरांत सात वर्षांची पोचम्मा होती. नाव तिच्या आजीचं. शाळेतल्या गुरुजींना ते घ्यायचा कंटाळा, म्हणून त्यांनी हजेरीत परस्पर 'पुष्पा' लिहून टाकलं. रोज पुष्पाचा पुकारा व्हायचा आणि पोचम्मा समोर बसून गप्प राहायची. गुरुजी खुशाल गैरहजर लिहायचे. दहा दिवस गैरहजर राहिलं की नाव शाळेतून कमी, असा नियम. बघता बघता नववा दिवस उजाडला.

गावात येसूआत्या राहायची. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचा मान आत्याचा, आणि ज्याला आत्या नाही त्याची आत्या येसूच. तिनं कानात सांगितलेलं नाव म्हातारपणीही विसरता यायचं नाही, असं म्हणतात. त्या दिवशी शाळा सुटल्यावर पोचम्मा तिला विहिरीपाशी रडताना दिसली. पोरीनं सगळं सांगितलं. आत्याच्या मस्तकात तिडीक गेली. दुसऱ्या दिवशी, ऐन हजेरीच्या वेळी, ती शाळेत जाऊन उभी राहिली.

"गुरुजी, नाव ठेवायचा मान आत्याचा," ती म्हणाली. "तुमी हिची आत्या कवापासनं झालात?"

मग तिनं गुरुजींचा कान धरून खाली ओढला आणि त्यात 'कुर्रर्र' करून पोरीचं नाव सांगितलं. बारशाला आत्याच्या पाठीत धपाटे घालायची रीत असते, ती पोरांनी अगदी मनापासून पाळली.

आणि मग, असं म्हणतात, गुरुजींच्या तोंडून दुसरं नावच निघेना. हजेरीतलं पहिलं नाव घेतलं, पोचम्मा. दुसरं घेतलं, पोचम्मा. घरी बायकोला हाक मारली, पोचम्मा. देवापुढे बसले, तरी पोचम्मा. तीन दिवस हा प्रकार चालला. चौथ्या दिवशी ते पोरीपुढे मांडी घालून बसले आणि म्हणाले, "बाळ, चुकलं माझं. तुझं नाव तूच सांग."

पोरीनं खणखणीत आवाजात सांगितलं, आणि ते आजीचं आहे हेही सांगितलं. गुरुजींनी पुष्पा खोडून पोचम्मा लिहिलं. तेव्हा कुठे त्यांची जीभ सुटली.

येसूआत्या जाऊन कितीतरी पिढ्या लोटल्या. कोरडवाडीत आजही बाहेरून माणसं येतात, वीटभट्टीवर, कालव्याच्या कामावर. त्यांचं पोर शाळेत आलं की गावातली सगळ्यांत म्हातारी आत्या शाळेत जाते. पोर आपलं नाव तिच्या कानात सांगतं, ती ते गुरुजींच्या कानात सांगते, आणि मगच हजेरी उघडते. म्हाताऱ्या आत्या बहुधा ठेंगण्याच असतात. गुरुजी कितीही शिकलेले असोत, त्यांना तिथे वाकावंच लागतं.