टिपली गेली त्या दिवसानंतर

डोंगरावर पायवाटही पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. रेवा नावाची म्हातारी साळुंकी तिथल्या एका झाडावर वाऱ्यावादळाला भिणाऱ्या पिल्लांना सांभाळायची. रोज सकाळी ती त्यांना पोट धरून हसायला लावी, मग डोळे मिटून आपापला श्वास ऐकायला सांगे. पिल्लांची भीती पळून जाई.

एके दिवशी शिक्र्याने टिपली नावाच्या पिल्लाला उचलून नेलं. दुसऱ्या सकाळी रेवा म्हणाली, "चला, हसा बरं!"

पिल्लं भेदरून हसली. तो आवाज ऐकून तिचंच काळीज चरकलं.

"आजी, हसलो की टिपली परत येईल?" धाकट्याने विचारलं.

"नाही रे बाळा," म्हणता म्हणता रेवाला रडू कोसळलं. तेव्हा कुठे पिल्लंही तिला बिलगून रडली.

पुढे कित्येक सकाळी त्या झाडावर कुणी हसलं नाही. रेवानेही कुणाला हसा म्हटलं नाही.