उंबराईची खळी

उंबरदऱ्याला उंबराईच्या देवळात शिरताना उजव्या हाताला एक दगडी कुंडी लागते. नवखा माणूस पाय धुवायला म्हणून तिच्याकडे वळतो आणि थबकतो, कारण कुंडीत पाण्याचा टिपूस नसतो. तिच्यात राख असते, वस्त्रगाळ, पिठासारखी मऊ. शेजारी पत्रावळीवर चिंचेचे गोळे आणि नारळाच्या शेंड्या मांडून ठेवलेल्या असतात. आत गाभाऱ्यात देवीचा पितळी मुखवटा असा झळकत असतो की समईची गरजच वाटू नये. जवळ गेले की मात्र दिसते, देवीचे नाक झिजून सपाट झाले आहे, भुवया पुसल्या गेल्या आहेत, डोळ्यांच्या नुसत्या रेघा उरल्या आहेत. डाव्या गालावरची खळी तेवढी स्पष्ट आहे.

देवळात राख कशाला, असे कुणी विचारले की नामाजीबुवा गुरव आधी त्याच्या पायांकडे बघतात. वय ऐंशीच्या पुढचे, पण नजर घारीची. "चपला कुठं काढल्या? अशा फेकल्यासारख्या? जा, ओळीत लावून या. मग सांगतो." चपला ओळीत लागल्याखेरीज बुवांची गोष्ट सुरू होत नाही. लागल्या की ते खांबाला टेकून बसतात आणि सावकाश सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे, असे सांगतात. गावात तेव्हा चाळीस चुली होत्या. एका दुष्काळात घाटावरून भिवरा नावाची एक बाई चालत खाली आली. वाटेत तिचा नवरा गेला, सासू गेली, कडेवरचे मूलही गेले. देवळापुढच्या उंबराखाली ती येऊन बसली ती उठण्यासाठी नव्हेच. त्या वेळच्या गुरवाची बायको कोंडाबाई पाण्याला निघाली होती. तिने घागर खाली ठेवली, घरात जाऊन आंबिलीचा वाडगा आणला आणि भिवरेपुढे धरला. वाडगा रिकामा झाल्यावर मग तिचे नाव विचारले.

भिवरा गुरवाच्या घरीच राहिली. फेडायला तिच्याजवळ काय होते? अंगावरचे लुगडे आणि दोन हात. पण त्या हातांना एक गोष्ट येत होती. तेलकट भांड्याला आधी कोरडी राख, मग पाणी. तांब्याला आंबट ताक, पितळेला चिंच आणि चिमूटभर मीठ. लुगड्यांना रिठ्याचे पाणी. कणगीत कडुनिंबाचा पाला. केर काढायचा तो आधी कोपऱ्यातून, मग दारातून, आणि केरसुणी परत तिच्या खुंटीला. महिनाभरात गुरवाच्या घराचे रूपच पालटले. कौलांखालची जळमटे गेली, चूल पोतेऱ्याने गुळगुळीत झाली. "माजंच घर मला वळखंना गं!" कोंडाबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ओढून आत न्यायची आणि हंड्यात तोंड बघायला लावायची.

तरी भिवरेच्या मनाला एक टोचणी होती. माणसांचे थोडे तरी फेडले, पण जिच्या उंबराने आपल्याला सावली दिली तिच्यासाठी आपण काय केले? उंबराईचा मुखवटा तेव्हा तव्यासारखा काळा होता, म्हणे. दिव्यांची काजळी, तेलाचे ओघळ आणि हळदीकुंकवाची पुटे यांखाली नाक कुठे आणि ओठ कुठे तेही कळत नसे. गावाला त्यात काही वावगे दिसत नव्हते. देवीला असेच आवडते, असे लोक सांगत, आणि सांगणाऱ्यांचे आजेही तेच सांगत आले होते.

घट बसायच्या आदल्या दिवशी गाभारा सारवायचा म्हणून मुखवटा गुरवाच्या ओसरीवर आणून ठेवला होता. गुरव आणि कोंडाबाई घटासाठी माती आणायला माळावर गेली. भिवरेच्या माहेरी घटाआधी घरोघरी देव घासत. इथेही घासत असतील, यंदा कुणाला सवड झाली नसेल, असे तिला वाटले. तिने हात जोडले, चिंच भिजवली, राख फडक्यातून गाळली आणि मुखवटा मांडीवर घेतला.

आधी नुसते काळे पाणी निघाले. मग डांबरासारखा चिकट थर सुटू लागला. तिने घाई केली नाही, ओरखडा उठू दिला नाही. लहान लेकराचे तोंड पुसावे तसे ती पुसत राहिली. दुपार कलली तेव्हा हनुवटीवर सोन्यासारखा एक ठिपका चमकला, आणि भिवरा रडू लागली. घाट उतरल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती. तिन्हीसांजेच्या आधी अख्खा मुखवटा तिच्या मांडीवर झळाळत होता, आणि देवी हसत होती.

कोंडाबाई परतली, तिने ते पाहिले आणि मातीची पाटी तिच्या हातून सुटली. तिच्या ओरडण्याने आळी जमा झाली, आळीमागून गाव आले. "आमची देवी कुठं हाय? ही कोण?" जो तो हेच विचारू लागला. बायकांनी गालांवर हात मारून घेतले. पाटील पुढे आले. म्हणाले, "उद्या घट बसायचं. देवीचा कोप गावावर यायच्या आत हिला शिवेभाईर घाला."

भिवरेने कोंडाबाईकडे पाहिले. कोंडाबाईने मान खाली घातली. ते तिला सर्वांत जास्त लागले. शिवेबाहेर पाच कोसांत वस्ती नव्हती आणि तिला आता जगात दुसरे दारही नव्हते. ओसरीवर सांडलेली राख तिने गोळा केली, काळे पाणी लांब नेऊन ओतले, जागा पुसून घेतली, केरसुणी खुंटीला लावली आणि पायरी उतरली.

पायरीशी तान्हूबाई बसली होती. गावातली सगळ्यांत म्हातारी. तिचे डोळे जाऊन दहा वर्षे झाली होती. तिने अंदाजाने हात पुढे केला आणि भिवरेचा पदर धरला. "थांब गं पोरी. मला तिच्यापाशी ने."

भिवरेने तिला ओसरीवर नेले. म्हातारीची बोटे मुखवट्यावरून फिरू लागली. कपाळ, नाक, ओठ. डाव्या गालावर ती थांबली आणि तिथेच राहिली.

"खळी," तान्हूबाई म्हणाली. "मी एवढीशी व्हते. आईनं उचलून माजं बोट हितंच टेकवलं व्हतं. म्हनाली, बघ, देवी हसती. पुढं पटकीची साथ आली, आई गेली, घासनाऱ्या समद्या बाया गेल्या. मग कुनी घासलंच न्हाई. मी डोळं असताना किती येळा खळी बघाया आले, पर दिसली न्हाई. वाटलं, आई खोटं बोलली." तिने पदराने तोंड पुसले. "पाटील, ते काळं तिचं न्हवतं. आपलं व्हतं. आपल्या आळसाला आपन सोवळं म्हनत बसलो. आन हिला हाकलता व्हय?"

पाटलांनी पागोटे उतरवून मुखवट्यापुढे ठेवले आणि बायकोला हाक मारली, "घरातनं पसाभर राख आन." त्यांच्यामागून चाळीसही चुलींची राख आली. देवळाच्या दारातली पाय धुवायची कुंडी शिगोशीग भरली. त्या राखेने गावाने देवळातल्या घंटा घासल्या, समया घासल्या, मग घरोघरची भांडी घासली, तरी कुंडी रिती झाली नाही, असे सांगतात. बुवा इथे डोळे मिचकावतात. "चाळीस चुलींची राख हो. सरंल कशी?"

कोंडाबाई भिवरेच्या गळ्यात पडली. "मी गप ऱ्हायले गं. तोंडातनं सबूद न्हाई निघाला माज्या." भिवरा म्हणाली, "काकी, मी मरत व्हते तवा तुमी वाडगा दिला. म्या तेवढंच ध्यानात ठेवनार." तान्हूबाईने तिला विचारले, तुला काय देऊ? तिने दोनच गोष्टी मागितल्या. घटाआधी बाहेरून जो कुणी गावात येईल त्याला नाव विचारायच्या आधी आंबील द्या. आणि देवी घासताना पहिला हात त्याचा असू द्या. घरच्यांच्या डोळ्यांना मळाची सवय होते, तो बाहेरच्यालाच दिसतो, असे ती म्हणाली, म्हणे.

आजही घट बसायच्या आदल्या दिवशी उंबरदऱ्यात घरोघरी कोपरे झाडले जातात आणि पसाभर राख कुंडीत येते. ज्यांच्याकडे गॅस आहे ते शेजारच्या चुलीची मागून आणतात. मागल्या वर्षी एकाने बाटलीतले निळे पाणी आणले होते. बुवांनी ते त्यालाच देवळाची फरशी पुसायला लावून संपवले. नाक झिजले, भुवया गेल्या, नवा मुखवटा करू, असे तरुण मंडळी अधूनमधून सुचवतात. बुवा ऐकून घेतात. पण गालावर सगळ्यांचीच बोटे रेंगाळतात, त्यामुळे खळी दर वर्षी जराशी खोलच होत चालली आहे.

घटाच्या आदल्या दिवशी गोष्ट संपते तेव्हा बुवांची सून आंबिलीचे वाडगे घेऊन आलेली असते. पाहुणे संकोचून आपली ओळख सांगू लागतात, कुठून आलो, कुणाचे कोण. बुवा हात वर करून थांबवतात. वाडगा रिकामा होऊ देतात. मग चिंचेचा एक गोळा राखेत बुडवून पाहुण्याच्या तळहातावर ठेवतात.

"डाव्या गालापासनं सुरू करा," ते म्हणतात. "नाव मग सांगा."