नुसती नजर टाकण्याचा दर

अरुंधती सबनीस दुबईत अरबीतून इंग्रजीत आलेले व्यापारी करार तपासून द्यायची. शहरात ती नवीन होती. पहिल्या गिऱ्हाइकाला जो दर लावू, तोच पुढे सगळे मागणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि पहिलं गिऱ्हाईक निघालं पंपांचे बडे व्यापारी विश्वंभर पालकर. दर ऐकून ते शेजारी बसलेल्या आपल्या भागीदारांकडे बघत हसले. "अहो बाई, भाषांतर तर झालेलंच आहे. तुम्ही नुसती नजर टाकायची. निम्म्यात करा."

"नुसत्या नजरेचे निम्मे तरी कशाला देता?" अरुंधती म्हणाली. "नजर तुम्हीच टाका. खाली फक्त लिहा, 'मी तपासलं, चुकीची जबाबदारी माझी,' आणि सही करा."

पालकरांनी ऐटीत पेन उघडलं. पहिलं कलम वाचलं, दुसरं पुन्हा पुन्हा वाचलं. पेन काही कागदाला टेकेना.

"आणि चूक निघाली तर?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणूनच ती सही मी करते, साहेब. दर सांगितलाय तो त्या सहीचा."

भागीदार खो खो हसले. पालकरांनी निमूटपणे पूर्ण दर कबूल केला, आणि अरुंधती उठायच्या आत एका भागीदाराने आपल्या वेगळ्या धंद्याचाही करार तिच्यापुढे सरकवला. दर त्याने विचारलाच नाही.